अल्पाहार व कोशिकांचे वार्धक्य

अल्पाहार व कोशिकांचे वार्धक्य : प्रथिने, जीवनसत्त्वे व खनिजे यांची उणीव न होऊ देता आहारातील ऊष्मांक (कॅलरी) घटविल्यास अनेक प्राण्यांत वार्धक्याची गती मंदावते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके व त्यांचे सहकारी यांनी १९३५ मध्ये पांढऱ्या उंदरांवरील प्रयोगांत हे दाखविले. विशेषतः नरांचे आयुष्य पुष्कळ वाढले.

अन्न विपुल असताना कोशिका (पेशी) वाढीकडे ऊर्जा वळविते. ते कमी होताच वाढीस चालना देणारे ‘टॉर’ हे एंझाइम मंदावते आणि स्वभक्षण, म्हणजे कोशिकेने स्वतःचेच जीर्ण घटक मोडून त्यांतील द्रव्ये पुन्हा वापरणे, वाढते. स्वभक्षणाच्या यंत्रणेवरील शोधांबद्दल योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

दुसरा दुवा सर्टुइन प्रथिनांचा आहे. त्यांपैकी ‘सर्ट१’ हे उपवासकाळी यकृतातील जनुकांचे नियंत्रण करते. त्यासंबंधी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत उल्लास कोल्थुर-सीताराम यांच्या गटाने केलेले संशोधन २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. भोजनानंतर ग्लुकोजपासून बनलेला एक शर्करागट सर्ट१ ला जोडला जातो. ही जोडणी टिकून राहिल्यास ते प्रथिन केंद्रकाबाहेर पडून नष्ट होते. उंदरांच्या यकृतात हा गट जोडला जाऊच शकणार नाही असे सर्ट१ निर्माण केले, तेव्हा इन्शुलिनास प्रतिरोध निर्माण होऊन रक्तशर्करा वाढली. उलट, वार्धक्य व स्थूलता यांत तो प्रमाणाबाहेर जोडलेला आढळला. अर्थात उपवास जितका आवश्यक तितकेच त्यानंतरचे भोजनही आवश्यक. उपवासाचे गुणगान करताना ही दुसरी बाजू सहसा विसरली जाते.

मानवासंबंधीचा पुरावा तोकडा आहे. अमेरिकेतील दोन वर्षांच्या एका चाचणीत सु. २२० निरोगी व्यक्तींपैकी एका गटाने ऊष्मांक २५ टक्क्यांनी घटवावयाचे होते. प्रत्यक्षात घट सु. १२ टक्केच झाली. रक्तातील डीएनएवरून मोजलेली वार्धक्याची गती २-३ टक्क्यांनी मंदावली, मात्र अस्थींची घनताही काहीशी घटली.

अल्पाहार व कुपोषण यांत गल्लत होता कामा नये. पुण्याजवळील सहा गावांत १९९३ पासून चित्तरंजन याज्ञिक व सहकारी यांनी केलेल्या पाहणीत कृश मातांच्या अर्भकांचे सरासरी वजन सु. २.७ किग्रॅ. भरले, ब्रिटिश अर्भकांच्या तुलनेत त्यांचे स्नायू क्षीण होते, चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. अशी शरीररचना पुढे मधुमेहास पोषक ठरते. साबुदाण्याची खिचडी व तळलेले बटाटे यांवर होणाऱ्या एकादशीला तर, ऊष्मांकांच्या हिशेबाने, अल्पाहार म्हणणेच कठीण आहे.