कर्नूलच्या माळावरचा लेझर

सिनेमातल्या लेझरला लाल रेघ असते आणि कानठळ्या बसवणारा आवाजही. खऱ्या शस्त्रात यातलं काही नसतं. त्यातल्या फायबर लेझरची तरंगलांबी सहसा एक मायक्रॉनच्या आसपास असते आणि तो प्रकाश डोळ्यांना दिसतच नाही. १३ एप्रिल २०२५ रोजी डीआरडीओने आंध्रातल्या कर्नूल इथे ‘मार्क-२ (ए)’ या लेझर शस्त्राची चाचणी घेतली. स्थिर पंखांचं ड्रोन पडलं, थव्याने आलेली ड्रोनं निकामी झाली, टेहळणीचे सेन्सर आंधळे झाले. गाडीवर बसवलेली ही ३० किलोवॅटची यंत्रणा हैदराबादच्या ‘चेस’ प्रयोगशाळेने इतर संस्थांच्या साथीने घडवली आहे.

झोत निर्माण करणं आता तितकंसं अवघड राहिलेलं नाही. खरं कसब तो धरून ठेवण्यात आहे. रडार ड्रोन हेरतं, कॅमेरा त्याचा माग घेतो आणि आरसा झोताला पंखावरच्या एकाच ठिपक्यावर खिळवून ठेवतो. काही सेकंदांत तिथलं प्लास्टिक मऊ पडतं, पंखाच्या फायबरमधलं रेझिन जळतं आणि उडण्याच्याच ताणाने पंख मोडतो. मधेच ठिपका सरकला, तर तापलेली जागा वाऱ्याने निवते आणि सगळं पहिल्यापासून. त्यात झोत स्वतःच वाटेतली हवा तापवून विस्कटतो. धूळ, धुकं आणि पाऊस त्याचे हाडवैरी. कोकणातल्या आषाढात हे यंत्र किती कामाला येईल, याबद्दल मला फारशी उमेद नाही.

मग एवढा खटाटोप कशाला? २७ जून २०२१ रोजी जम्मूच्या हवाई दलाच्या तळावर ड्रोनमधून दोन स्फोटकं पडली. असल्या स्वस्त पाखरांवर महागडी क्षेपणास्त्रं किती उधळणार? डीआरडीओ सांगते, काही सेकंदांच्या माऱ्याला दोनेक लिटर पेट्रोलएवढा खर्च येतो. हिशेब खरा, पण अर्धाच. अशा लेझरमध्ये निम्म्याहून जास्त विजेची उष्णताच होते. ती काढून टाकणारी शीतयंत्रणा, जनरेटर आणि नाजूक काचसामान त्या पेट्रोलमध्ये कुठे धरलंय?

शिवाय एक झोत एका वेळी एकच ड्रोन जाळतो. थवा मोठा असला की पुढचं येईपर्यंतची सेकंदं पुरत नाहीत. म्हणून अमेरिकेने ‘थॉर’सारखी सूक्ष्मलहरींची यंत्रं करून पाहिली. ती जाळत नाहीत. रुंद झोतातल्या साऱ्या ड्रोनांची इलेक्ट्रॉनिक्स एका फटक्यात बिघडवतात. पल्ला मात्र लेझरपेक्षा कमी.