दाखल्यावरचा 'कास्ट' हा शब्द

दर वर्षी प्रवेशाच्या दिवसांत जातीचे दाखले आमच्या हाताखालून जातात. इंग्रजी दाखल्यावर 'कास्ट' असे छापलेले असते. हा शब्द इंग्रजांनी घडविला, अशी आमचीही पुष्कळ वर्षे समजूत होती. वस्तुतः तो पोर्तुगिजांच्या 'कास्ता'वरून आला.

'जाति' हा शब्द 'जन्' धातूपासून, म्हणजे जन्मापासून झाला. 'कास्ता'चा अर्थ वंश, कूळ, जनावरांची अवलाद. लॅटिनमधील 'कास्तुस' म्हणजे शुद्ध. त्यावरून 'कास्ता' आला, अशी जुनी व्युत्पत्ती आहे. काही भाषापंडित मात्र त्याचे मूळ गॉथिक भाषेत शोधतात. 'कास्तुस'ची इतर लेकरे निर्विवाद आहेत: इटालियन व स्पॅनिश 'कास्तो', फ्रेंच 'शास्त', म्हणजे शीलवान. पोर्तुगालात द्राक्षांच्या वाणालाही आज 'कास्ता'च म्हणतात. (म्हसावदसारख्या आदिवासी मुलखात दाखल्यावर येणारा 'ट्राइब' हाही लॅटिन 'त्रिबुस'चाच वंशज. रोमचे नागरिक त्रिबुसनुसार मतदान करीत.)

हिंदुस्थानातील समाजाला 'कास्ता' हा शब्द लावणाऱ्या आरंभीच्या लेखकांत गार्सिया द ओर्ता हा वैद्य येतो. त्याचा औषधी वनस्पतींवरील ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. येथे कोणी बापाचा धंदा सोडत नाही, हे त्याने नोंदविले आणि उदाहरण दिले ते चर्मकारांचे! हा ओर्ता स्वतः सक्तीने ख्रिस्ती झालेल्या ज्यू घराण्यातला होता. त्याच्या मृत्यूनंतर बहिणीला गोव्याच्या धर्मन्यायालयाने जाळले; १५८० साली त्याच्या अस्थी उकरून त्याही जाळल्या. जन्मावरून माणूस जोखण्याची रीत त्याच्या मायदेशातही होतीच.

पुढे हा शब्द फ्रेंच व इंग्रजीत गेला. फ्रेंच पंडित सेनार यांनी १८९६ च्या ग्रंथात जातीचा संबंध विटाळाच्या कल्पनेशी जोडला. म्हणजे 'कास्तुस'मधील शुद्धताच पुन्हा पुढे आली. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात निबंध वाचताना पंचवीस वर्षांच्या बाबासाहेबांनी नेमके हेच नाकारले. विटाळ हा पुरोहिती कर्मकांडाचा भाग आहे. पुरोहितवर्ग सर्वांत वर बसला म्हणून तो जातीला चिकटला, असे त्यांनी दाखविले. जातीचे सार त्यांना सापडले ते जातीतल्या जातीत लग्न करण्याच्या सक्तीत. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह यांची कारणे त्यांनी त्या सक्तीतूनच उलगडली. हा निबंध मे १९१७ मध्ये 'इंडियन अँटिक्वरी'त प्रसिद्ध झाला.