शेवटचा हात कोणाचा?

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आमच्याकडे लेख मागितला, तेव्हा धान्यबाजाराविषयी चार शब्द मिळावेत अशीच त्यांची अपेक्षा असणार. चाळीस वर्षे जोंधळा, तांदूळ व सोयाबीन यांच्या पोत्यांत घालविलेल्या, मॅट्रिकपलीकडे न शिकलेल्या माणसाकडून दुसरे काय मागावे? तथापि आज आम्ही लिहिणार आहोत ते एका घडीच्या चाकूविषयी. विषय दिसावयास लहान आहे. परंतु त्यात कारखानदार, दुकानदार, मालक आणि हमाल असे चौघे गुंतले, आणि झालेली चूक कोणाच्या खाती नावे टाकावयाची, असा पेच आमच्यापुढे पडला. आपल्या संघाचा प्रत्येक सभासद दुकानात विक्रेता आणि घरी गिऱ्हाईक असतो. म्हणून ही हकीकत सर्वांच्याच उपयोगी पडेल असे वाटते.

गेल्या वर्षी आषाढात आम्ही बेळगावातील एका जुन्या दुकानातून हा चाकू आणला. वखारीत सुतळी कापण्यास घडीचा चाकू सोयीचा. पाते मिटले म्हणजे खिशात ठेवता येतो. मूठ लाकडी, पाते पोलादी, उघडलेले पाते आपोआप मिटू नये म्हणून आत एक खटका, आणि पाते ज्याच्याभोवती फिरते तो स्क्रू मुठीच्या एका बाजूस उघडा, अशी त्याची रचना होती. दुकानात चाकू ठीक वाटला. पुढे आठ दिवस पाऊस लागून राहिला आणि पाते इतके घट्ट झाले की उघडताना अंगठ्याचे नख दुखू लागले. आम्ही प्रथम शेंगतेलाचे दोन थेंब सोडले. त्या तेलाचा लवकरच चिकटा झाला व पाते अधिकच आवळले. मग पेचकस घेऊन स्क्रू अर्धा फेरा सैल केला. पाते अलगद उघडू लागले. आपल्या कारागिरीचे आम्हांस मोठे कौतुक वाटले. डबीत घातलेला कारखान्याचा कागद मात्र आम्ही उलगडूनही पाहिला नव्हता.

दिवाळी गेली, थंडी पडली, हवा कोरडी झाली. माघात एके सकाळी आमचा जुना हमाल पोत्याचे तोंड उघडीत होता. पाते सुतळीत अडकले, त्याने हिसका दिला, खटका सुटला आणि पाते त्याच्या बोटावर मिटले. तीन टाके पडले. आठ दिवस त्याला पोत्याला हात लावता आला नाही.

आमच्या मनात पहिला विचार आला तो असा, की दुकानदाराने वाईट माल दिला. तोच चाकू घेऊन आम्ही त्याच्या पेढीवर गेलो व दोन शब्द चढ्या आवाजात बोललो. त्याने उत्तर दिले नाही. चाकू उजेडात धरला, स्क्रूच्या खाचेवरून बोट फिरविले आणि शांतपणे विचारले, "अण्णा, या स्क्रूचं तोंड कुणी चेचलं?"

आम्ही गप्प झालो. मग त्याने जे समजाविले, ते आम्हांस त्याच्याकडून समजून घ्यावे लागले याचीच अधिक लाज वाटली. लाकूड दमट हवेत फुगते. मुठीच्या दोन्ही बाजू फुगून पात्यावर दाबल्या, म्हणून आषाढात पाते घट्ट झाले. ते चाकूचे दुखणे नव्हते, हवेचे होते. आम्ही स्क्रू सैल करून त्या दाबाला वाट करून दिली. हवा कोरडी होताच लाकूड आकसले, आम्ही केलेली फट अधिक वाढली, पाते बाजूंना हलू लागले आणि खटका आपल्या जागी पूर्ण बसेनासा झाला.

हमीभावाच्या सरकारी खरेदीत सोयाबीनचा ओलावा साधारणतः १२ टक्क्यांपर्यंत चालतो. १५ टक्के ओलाव्याचा १०० किलो माल १२ टक्क्यांवर वाळला, की सुमारे ३ किलो ४०० ग्रॅम तूट येते. हा हिशेब आम्ही शेतकऱ्याला तोंडपाठ सांगतो. दाण्याच्या बाबतीत जे आम्हांस ठाऊक होते, ते लाकडाच्या बाबतीत आमच्या ध्यानी येऊ नये!

आता जबाबदारीचा प्रश्न. १९३० च्या मालविक्री कायद्याप्रमाणे खरेदीदारास माल तपासून पाहण्याची वाजवी संधी मिळावयास हवी. परंतु त्याने माल आपलाच समजून त्याची व्यवस्था लावली, अथवा वाजवी मुदतीत नापसंती न कळविता तो ठेवून घेतला, म्हणजे माल स्वीकारला असे धरले जाते. आपल्या व्यवहारात हे नवीन नाही. नमुन्यावरून घेतलेली पोती उतरताना आपण उघडून पाहतो. माल नमुन्याप्रमाणे नसेल तर तेथल्या तेथे अडवितो. एकदा तो आपल्या राशीत ओतल्यावर तक्रार कोणत्या तोंडाने करावयाची? आम्ही स्क्रू फिरविला तेव्हा तो चाकू आमच्या राशीत ओतला गेला.

२०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २०२० साली अंमलात आला. त्यात सदोष वस्तूमुळे होणाऱ्या इजेच्या जबाबदारीचे स्वतंत्र प्रकरण आहे. रचनेत वा घडणीत दोष राहिला, किंवा योग्य वापराच्या पुरेशा सूचना दिल्या नाहीत, तर कारखानदार बांधला जातो. विक्रेत्याची जबाबदारी सरसकट नाही. परंतु त्याने स्वतः वस्तूत फेरफार केला व त्यातूनच मुख्यतः इजा झाली, आपल्या तोंडची वेगळी हमी दिली व ती खोटी ठरली, कारखानदाराच्या सूचना गिऱ्हाईकापर्यंत न पोचविल्यामुळे अपाय झाला, अथवा माल कोणी बनविला याचा पत्ताच लागत नसला, तर ते ओझे त्याच्याही खांद्यावर येऊ शकते. उलटपक्षी, इजा झाली त्या वेळी वस्तूत फेरफार केलेला होता अथवा तिचा गैरवापर झाला होता, असे असेल तर विक्रेत्यावर असा दावा चालत नाही. शिवाय व्यापारी कामासाठी वस्तू घेणारा हा सामान्यतः ग्राहक गणला जात नाही. केवळ पोटापुरत्या स्वयंरोजगारासाठी घेतलेल्या वस्तूस यात सवलत आहे. लोखंडी सामान व भांडी विकणाऱ्या आपल्या बंधूंनी यातून इतके ध्यानी घ्यावे, की गिऱ्हाईकाच्या आग्रहाखातर काउंटरवर स्क्रू पिळून देणे ही नुसती सौजन्याची गोष्ट नाही. आणि विनाबिलाचा, बिननावाचा माल स्वस्त पडत नाही.

आम्ही घरी येऊन तो कागद वाचला. पाते घट्ट वाटल्यास चाकू कोरड्या जागी ठेवावा, सांध्यात यंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडावा, उघडमीट करावी, स्क्रू फिरवू नये, असे त्यात बारीक अक्षरांत छापलेले होते. दुकानदार आपण होऊन म्हणाला होता, "कागद वाचून दाखवायला हवा होता, तो मीही दाखवला नाही." त्याने आपला वाटा सांगितला, हे त्याचे मोठेपण. नवा चाकू तो फुकट देऊ लागला. आम्ही पैसे मोजून घेतला.

हमालाचा हिशेब मात्र निराळा होता. दवाखान्याचा खर्च व आठ दिवसांची मजुरी दिली, त्यात आम्ही विशेष काही केले नाही. त्याच्या घरी गेलो तेव्हा तो म्हणाला, "अण्णा, पातं हलतंय हे मला चार दिवस आधीच कळलं होतं. पण चाकू तुमचा, तुम्हीच बसवलेला. कसं बोलणार?" हे शब्द आम्हांस टाक्यांहून अधिक लागले. श्रावकाच्या व्रतांत अनर्थदंड टाळावयास सांगितले आहे, व त्याच्या प्रकारांत प्रमादचर्या आणि हिंसादान हे दोन येतात. हिंसादान म्हणजे हिंसेची साधने दुसऱ्याच्या हाती देणे. कामाचा चाकू देणे हे निरर्थक नव्हे, असा युक्तिवाद करता येईल. पण बिघडविलेला चाकू न तपासता दुसऱ्याच्या हाती देणे यास प्रमादाखेरीज दुसरे नाव आम्हांस सुचत नाही. क्षमा मागण्यास भाद्रपदापर्यंत थांबण्याचे कारण नव्हते. त्याच्याच ओट्यावर बसून आम्ही ती मागितली.

वाचकांसाठी दुकानदाराने शिकविलेली तपासणी येथे देतो. नवा चाकू दुकानातच उघडावा. उघडलेले पाते चिमटीत धरून बाजूंना हलवून पाहावे. हलता कामा नये. मिटण्याच्या मार्गातून बोटे दूर ठेवून पात्याची पाठ लाकडावर हलकेच दाबावी. खटका सुटता कामा नये. मिटल्यावर टोक मुठीबाहेर येऊ नये व धार बाजूंना घासू नये. खाण्याचे तेल घालू नये. कोरडा करून व तेल देऊनही पाते अडत असेल, तर पेचकस हाती घेण्यापूर्वी चाकू परत करावा. आणि इतके सांगूनही कोणी स्क्रू फिरविलाच, तर त्या क्षणापासून तो चाकू आपला, त्याचे बरेवाईट आपले, असे त्याने समजावे.

नवा चाकू आता वजनकाट्याशेजारी खुंटीस टांगलेला असतो. दर सोमवारी तो तपासण्याचे काम आम्ही त्या हमालाकडेच सोपविले आहे. त्यास तो योग्य वाटला नाही तर त्या दिवशी कोणी वापरावयाचा नाही, असा वखारीचा नियम आहे. परवा चाकू पाहून झाल्यावर तो जरा घुटमळला आणि म्हणाला, "अण्णा, काट्याचा मागचा एक पायही हलतोय." आम्ही वाकून पाहिले. खरोखरीच हलत होता. त्या दिवशीचे वजन आम्ही थांबविले आणि काटे दुरुस्त करणाऱ्या परवानाधारकास बोलावून आणले.