खरारा आणि विश्वास

माळव्यातील मराठ्यांचा इतिहास हा बव्हंशी घोडदळाचा इतिहास आहे. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी आजच्या धार जिल्ह्यातील अमझेऱ्याजवळ चिमाजी आप्पांच्या फौजेने मोगल सुभेदार गिरिधर बहादुराचा पराभव केला. पुढे धार व देवास येथे पवारांची राज्ये स्थिरावली आणि बदनावर हा धार संस्थानाचा एक परगणा झाला. आपल्यापैकी कित्येकांचे पूर्वज या फौजांच्या मागोमागच इकडे आले. त्या स्वारांचे पोवाडे आपण अभिमानाने ऐकतो. परंतु घोड्यांना वेळेवर पाणी पाजणारा, खरारा करणारा, खुरांतील खडे काढणारा मोतद्दार कोणाच्या स्मरणात नाही. वस्तुतः स्वाराची मांड भक्कम राही ती त्याच्या नित्याच्या कष्टांवर.

शिवछत्रपतींना हे पुरते ठाऊक होते. १६७० च्या दशकात चिपळूण भागातील लष्करी अंमलदारांना त्यांनी धाडलेले पत्र सुप्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणा आणि वैरण मनमानेल तशी उधळली तर पुढे घोडी उपासाने मरतील आणि त्यांच्या मृत्यूचा दोष तुमच्याच माथी येईल, असे त्यात त्यांनी बजावले आहे.

या दक्षतेचे कारण घोड्याच्या शरीररचनेतच आहे. त्याचे जठर देहाच्या मानाने लहान असते आणि त्याला ओकता येत नाही. म्हणून एकाच वेळी तोबरा भरून चंदी चारली तर पोटशूळ उठून प्राणावर बेतू शकते. दिवसभर थोडीथोडी वैरण, बेताची चंदी आणि स्वच्छ पाणी हाच त्याचा खरा आहार. साधारण घोड्यास दिवसाला २५ ते ४५ लिटर पाणी लागते. माळव्याच्या उन्हाळ्यात त्याहूनही अधिक. खूर रोज उचलून साफ करावेत आणि सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून कापून घ्यावेत. खराऱ्याने केवळ धूळ निघते असे नव्हे. सूज, जखम, कढत झालेली जागा हाताला तेव्हाच कळते. घोड्यास धनुर्वात लवकर होतो, तेव्हा पशुवैद्याकडून त्याची लस टोचून घेणे अगत्याचे.

आता बुजऱ्या घोड्याविषयी. घोडा बुजतो तो खोडसाळपणाने नव्हे. उघड्या माळरानावर पळ हेच त्याचे शस्त्र होते. भय हे त्याचे रक्षण आहे. डोळे दोन्ही बाजूंस असल्याने त्याला जवळजवळ सभोवार दिसते. मात्र कपाळासमोरचे आणि शेपटीमागचे दिसत नाही. म्हणून त्याच्याकडे खांद्याच्या बाजूने, तिरके आणि मृदू स्वरात बोलत जावे. कान ताठ झाले, मान उंचावली, डोळ्यांतले पांढरे दिसू लागले की जागीच थांबावे. मान खाली आली, दीर्घ श्वास सुटला की एक पाऊल पुढे टाकावे. पहिला हात नाकावर न ठेवता मान आणि पाठ जुळते तेथे, आयाळीच्या बुडाशी ठेवून हळू खाजवावे. घोडे एकमेकांना तेथेच खाजवतात, आणि त्याने हृदयाची गती मंदावते असे आढळले आहे. तेथून खरारा, मग खूर उचलणे, मग झूल आणि शेवटी खोगीर. प्रत्येक नवी वस्तू त्याला प्रथम हुंगू द्यावी. रोज दहा-पंधरा मिनिटे पुरेत. परंतु माणूस तोच आणि वेळ तीच असावी.

चाबकाने भीती जात नाही, हे फार प्राचीन ज्ञान आहे. सुमारे २,४०० वर्षांपूर्वी झेनोफन या ग्रीक सेनानीने अश्वविद्येवरील आपल्या ग्रंथात लिहिले, की बुजणाऱ्या घोड्याला मारले तर तो वेदनेचे कारणही त्या भयप्रद वस्तूलाच समजतो आणि अधिकच भितो. रागाच्या भरात तर घोड्याला हातच लावू नये. २०१६ साली इंग्लंडातील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी घोड्यांना माणसांच्या चेहऱ्यांची छायाचित्रे दाखविली, तेव्हा रागीट चेहरा पाहून त्यांच्या हृदयाचे ठोके अधिक जलद वाढले. घोडा आपला चेहरा वाचतो, एवढे तरी यावरून मानावे लागते.

आज बदनावरात घोडा दिसतो तो बहुधा लग्नसराईत. आपल्या घरांतही नवरदेवाला घोडीवर बसविण्याची हौस आहेच. बँडचा कल्लोळ, फटाके, डोळे दिपविणारे दिवे, आणि या साऱ्यांत घोडीने निश्चल उभे राहावे ही अपेक्षा! हा निश्चलपणा दोन मार्गांनी मिळतो. एक, दुरून व हलक्या आवाजात वाजवून, शांत राहताच थांबून, आठवडेच्या आठवडे लावलेली सवय. दुसरा, तोंडात काटेरी लगाम. हा दुसरा मार्ग प्राण्यांविषयीच्या १९६५ च्या नियमांनी निषिद्ध ठरविला आहे. तथापि विचारणारा नसेल तर नियम कागदावरच राहतो.

विचारायचे आहे ते आपणच. आमची सूचना वरातीमागून घोडे ठरू नये म्हणून घोडी ठरवितानाच सांगतो. दराबरोबर तिचा लगामही पाहावा. त्या दिवशी तिची ही कितवी वरात आणि तिने पाणी केव्हा प्यायले, हे विचारावे. फटाके तिच्यापासून दूर उडवावेत, बँडला अंतर राखायला सांगावे, मुलांना तिच्या मागून जाऊ देऊ नये. आणि मुलगा घोडीवर चढण्यापूर्वी त्याला क्षणभर तिच्या खांद्याशी उभे करून मानेवरून हात फिरवायला सांगावे. ज्याला पाठीवर न्यायचे त्याची ओळख तिलाही होऊ द्यावी.