गोंदियाची थंडी आणि टंगस्टनची पिवळी पूड

मे महिन्यात गोंदियाचा पारा 45 अंश सेल्सिअसच्या आसपास पोचतो आणि डिसेंबर-जानेवारीत विदर्भातलं सर्वांत कमी तापमान अनेकदा याच शहराच्या नावावर लागतं. प्रयोगशाळेच्या कपाटातल्या बहुतेक रसायनांना या चढउतारांचं सोयरसुतक नसतं. टंगस्टन ऑक्साइडच्या पिवळ्या पुडीला मात्र असतं. साधारण 17 अंशांच्या वर तिचे स्फटिक एकनताक्ष रचनेत असतात, त्याखाली ते त्रिनताक्ष रचनेकडे वळतात. 330 अंशांपुढे तिसरं रूप, 740 अंशांपुढे चौथं. म्हणजे इथल्या हिवाळ्यातली एखादी रात्रही या स्फटिकांच्या घडणीला हात घालू शकते! कण नॅनो आकाराचे असले तर या सीमाही सरकतात.

पाया मात्र तोच राहतो. मध्ये टंगस्टनचा अणू, भोवती ऑक्सिजनचे सहा अणू, असा अष्टफलक. हे अष्टफलक कोपऱ्याला कोपरा लावून जोडले जातात आणि त्यांच्यामध्ये पोकळ्या उरतात. रूप बदलताना अष्टफलक किंचित कलतात, टंगस्टन केंद्रापासून जरासा ढळतो.

खरी किमया त्या पोकळ्यांत आहे.

टंगस्टन ऑक्साइडचा पातळ थर विद्युतक्षेत्रात निळा होतो, हे अमेरिकेत काम करणाऱ्या सत्येन देब यांनी 1969 साली मांडलं. थराला विद्युतद्रावणाची जोड देऊन थोडासा विद्युतदाब लावला, की हायड्रोजन किंवा लिथियमचे आयन पोकळ्यांत शिरतात, सोबत इलेक्ट्रॉन येतात आणि थर गडद होतो. दाब उलटा केला की पुन्हा पारदर्शक. ऊन अडवणाऱ्या ‘स्मार्ट’ काचा याच तत्त्वावर चालतात. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. प्रमोद पाटील यांच्या गटानं अशा थरांवर दीर्घकाळ काम केलं आहे. विदर्भाच्या उन्हाळ्याला या संशोधनाची गरज अधिक आहे.

हा पदार्थ बनवायला महागडी निर्वात यंत्रणा लागतेच असं नाही, आणि लहान शहरातल्या महाविद्यालयासाठी ही मोठी गोष्ट आहे. सोल-जेल पद्धतीत सोडियम टंगस्टेटचं पाण्यातलं द्रावण आयन-विनिमय रेझिनमधून सोडतात. सोडियम मागे राहतो आणि टंगस्टिक आम्ल पुढे येतं. काही तासांत त्याचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन जाळं तयार होतं, आणि दूध विरजून दही लागावं तसं द्रावण पाण्यासकट थिजतं. सरळ आम्ल ओतूनही काम होतं, पण मग साका पुन्हा पुन्हा धुवावा लागतो. सोडियम उरला तर भट्टीत भलतीच संयुगं तयार होतात.

पुढचा निर्णय भट्टीचा. 400-500 अंशांना पाणी निघून जातं आणि स्फटिक जुळून येतात. तापमान वाढवलं तर कण एकमेकांत मिसळून मोठे होतात, पृष्ठभाग घटतो आणि नायट्रोजन डायऑक्साइडसारखा वायू ओळखण्याची त्यांची क्षमता सहसा मंदावते. क्ष-किरण विवर्तनाच्या आलेखात 23 ते 24.5 अंशांदरम्यान तीन शिखरं शेजारी-शेजारी उभी दिसली, तर एकनताक्ष रूप साधलं असं समजायचं. शिखरं रुंद असतील तर कण बारीक.

कच्चा मालही फार लांबचा नाही. नागपूर जिल्ह्यातल्या कुही-खोबना-आगरगाव पट्ट्यात, साकोली खडकांच्या पश्चिम कडेला, टंगस्टनची खनिजं सापडली आहेत. केंद्र सरकारच्या 2023 च्या अत्यावश्यक खनिजांच्या यादीत टंगस्टन आहे. अशा खनिजावर सोड्याची प्रक्रिया केली की हाती येतं ते सोडियम टंगस्टेटच.