परदेशदौऱ्यातील कराचा परतावा : हक्क, अटी आणि दक्षता

नाशिकचे द्राक्षनिर्यातदार, इचलकरंजीचे वस्त्रोद्योजक, पुणे परिसरातील यंत्रभागांचे लघुउद्योजक अशा अनेकांना व्यापारासाठी युरोपची वारी करावी लागते. विमानभाडे, निवास आणि भोजन यांचा हिशेब ही मंडळी काटेकोरपणे ठेवतात. परंतु हॉटेलच्या बिलात तळाशी छापलेल्या एका ओळीकडे सहसा लक्ष जात नाही. ती ओळ तेथील मूल्यवर्धित कराची असते. हा कर काही देशांत, ठरावीक अटींवर, परकीय उद्योगाला परत मिळू शकतो. तो मिळणार की बुडणार, हे मात्र बहुधा प्रवासाला निघण्यापूर्वीच ठरलेले असते.

कर परत का मिळतो?

मूल्यवर्धित कराचा प्रारंभ १९५४ साली फ्रान्समध्ये झाला. आज तो १७० हून अधिक देशांत आहे. महाराष्ट्रात १ एप्रिल २००५ पासून मूल्यवर्धित कर लागू झाला आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कराने बहुतांशी त्याची जागा घेतली. त्यामुळे या कराचे मूळ तत्त्व आपल्या व्यापाऱ्यांना नवे नाही. कराचा अंतिम भार उपभोक्त्याने सोसावा, मधल्या उद्योगाने नव्हे, हे ते तत्त्व होय. म्हणूनच खरेदीवर भरलेल्या कराची वजावट उद्योगाला मिळते. परंतु परदेशातील उद्योगाची तेथे नोंदणी नसल्याने त्याला ही वजावट घेता येत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी युरोपीय समुदायाने १९८६ साली तेरावा निर्देश काढला आणि समुदायाबाहेरील उद्योगांना परताव्याची वाट खुली केली. युरोपीय संघात या कराचा प्रमाण दर किमान १५ टक्के असून हंगेरीत तो २७ टक्के आहे. हे पाहता परताव्याचे महत्त्व सहज ध्यानात येईल.

देशोदेशींचे निराळे नियम

परताव्यासाठी परस्परतेची अट घालण्याची मुभा या निर्देशाने सदस्य देशांना दिली आहे. ‘तुम्ही आमच्या उद्योगांना कर परत द्या, आम्ही तुमच्या उद्योगांना देऊ’ असा तिचा आशय आहे. जर्मनीने ही अट ठेवली असून, परस्परता नसलेल्या देशांच्या तिच्या यादीत भारताचा समावेश आहे. त्यामुळे हॅनोव्हरच्या प्रसिद्ध औद्योगिक प्रदर्शनाला जाणाऱ्या आपल्या उद्योजकाने तेथील हॉटेलच्या बिलावरील कर परत मिळेल अशी आशा धरू नये. नेदरलँड्समध्ये मात्र ही अट नाही. अमेरिकेत तर राष्ट्रीय पातळीवर मूल्यवर्धित करच नाही. तेथील राज्ये विक्रीकर आकारतात आणि तेथे परकीय उद्योगांसाठी अशी परतावा व्यवस्था नाही.

ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडले असले तरी तेथे परताव्याची स्वतंत्र योजना चालू आहे. तेथील कराचे वर्ष १ जुलै ते ३० जून असे असते आणि अर्ज पुढील ३१ डिसेंबरपर्यंत पोचावा लागतो. पूर्ण वर्षाच्या अर्जासाठी किमान रक्कम १६ पौंड, तर त्याहून कमी मुदतीच्या अर्जासाठी १३० पौंड आहे.

एक उदाहरण

समजा, पिंपरी-चिंचवडच्या एका कारखान्याचे दोन अभियंते कामानिमित्त बर्मिंगहॅमला गेले. ब्रिटनमध्ये प्रमाण दर २० टक्के असल्याने करासहित रकमेचा सहावा हिस्सा कराचा असतो. त्यांच्या हॉटेलच्या १,२०० पौंडांच्या बिलात २०० पौंड कर आहे. स्वतःच्या भोजनाच्या २४० पौंडांत ४० पौंड आहेत. ग्राहकांना दिलेल्या मेजवानीच्या १८० पौंडांत ३० पौंड आहेत. यांपैकी मेजवानीवरील कर परत मिळत नाही, कारण व्यावसायिक पाहुणचार योजनेतून वगळलेला आहे. उरलेले २४० पौंड मागता येतात. रुपयांत ही रक्कम पंचवीस हजारांहून अधिक होते. लहान कारखान्याला ती नगण्य नाही.

चुका कोठे होतात?

पहिली चूक हॉटेलातच होते. बिल व्यक्तीच्या नावे घेतले जाते. ते उद्योगाच्या नावे व पत्त्यासह असावे. त्यावर विक्रेत्याचा कर नोंदणी क्रमांक, तारीख, खर्चाचा तपशील आणि कराची रक्कम असावी. कार्डाने पैसे दिल्याची नुसती चिठ्ठी पुरत नाही.

दुसरी चूक प्रमाणपत्राबाबत होते. उद्योग नोंदणीकृत असल्याचा मायदेशातील कर अधिकाऱ्यांचा दाखला अर्जासोबत जोडावा लागतो. तो मिळण्यास वेळ लागतो. म्हणून मुदतीच्या अखेरच्या आठवड्यापर्यंत थांबू नये.

तिसरी चूक अधिक सूक्ष्म आहे. २०१० पासून युरोपीय संघात उद्योगाने उद्योगाला दिलेल्या बहुतेक सेवांवर, सेवा घेणारा जेथील आहे त्या देशाचे नियम लागू होतात. त्यामुळे प्रदर्शनातील दालनाची उभारणी किंवा जाहिरात अशा सेवांवर भारतीय उद्योगाकडून साधारणतः तेथील कर आकारलाच जाऊ नये. त्यासाठी आपण उद्योग आहोत याचा पुरावा करार करतानाच द्यावा. वस्तू व सेवा कराच्या नोंदणीचे प्रमाणपत्र येथे उपयोगी पडते. चुकून आकारलेला कर परतावा अर्जाने सहसा मिळत नाही. विक्रेत्याकडून बिल दुरुस्त करून घ्यावे लागते. हॉटेल निवासाला मात्र हा नियम लागू नाही. त्यावर तेथील कर द्यावाच लागतो. जर्मनीत परतावा मिळत नसल्याने, आपल्या उद्योजकाला तेथे बचतीचा खरा मार्ग हाच आहे.

पर्यटकांना खरेदीवर मिळणारी करसवलत आणि हा परतावा यांची गल्लत करू नये. ग्रेट ब्रिटनने पर्यटकांची ती सवलत १ जानेवारी २०२१ पासून बंद केली. उद्योगांचा परतावा चालू आहे.

निघण्यापूर्वी

ज्या देशात जायचे तेथे परतावा मिळतो काय, मुदत कोणती आणि कोणते खर्च वगळलेले आहेत, हे तेथील कर विभागाकडून आधी जाणून घ्यावे. अर्जाचे काम मध्यस्थावर सोपवायचे असल्यास त्याचे शुल्क आरंभीच लेखी ठरवावे. दौऱ्यावर जाणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याच्या हाती उद्योगाचे नाव व पत्ता लिहिलेला कागद द्यावा आणि बिल त्याच नावाने मागण्यास सांगावे. परदेशात घाम गाळून मिळवलेल्या व्यापाराचा काही भाग केवळ एका अपुऱ्या बिलापायी गमावणे, हे आपल्या काटकसरी उद्योजकांना शोभणारे नाही.