निर्मळ परिसरातील परागीभवन

फुलातील परागकण पुंकेसरावरून स्त्रीकेसराच्या कुक्षीवर पोहोचण्याच्या क्रियेस परागीभवन म्हणतात. वारा, पाणी, कीटक, पक्षी व वटवाघळे ही त्याची माध्यमे आहेत. परागकण वाहून नेणाऱ्या प्राण्यांना परागवाहक असे म्हणतात. फुलांतील मकरंद व पराग हे त्यांचे अन्न असते. पालघर जिल्ह्याच्या वसई तालुक्यातील निर्मळ व आसपासच्या किनारी पट्ट्यातील वाड्यांमध्ये केळी, नागवेल, नारळ, फुलझाडे आणि भाजीपाला यांची परंपरेने लागवड होते. एकाच वाडीतील या पिकांचे परागवाहकांवरील अवलंबित्व मात्र सारखे नसते.

पिकांचे अवलंबित्व

लागवडीखालील केळीला परागीभवनाशिवाय फळ धरते. म्हणूनच त्यात बिया नसतात. तरीही केळफुलातील मकरंदासाठी रात्री वटवाघळे येतात. नागवेलीचे उत्पादन पानांचे असून तिची लागवड खोडाच्या तुकड्यांपासून होते. मोगऱ्याच्या कळ्याच विकल्या जातात. या तिन्ही पिकांत परागवाहक घटले तरी उत्पन्नावर थेट परिणाम होत नाही.

दुधी, पडवळ, दोडका, काकडी व कारले यांची स्थिती वेगळी आहे. या वेलींवर नर व मादी फुले वेगवेगळी येतात. मादी फुलाखाली इवलेसे फळ आधीपासूनच दिसते; परंतु पराग न मिळाल्यास ते पिवळे पडून गळते. पराग अपुरा मिळाल्यास फळ वेडेवाकडे वाढते. नारळाच्या उंच जातींत एका फुलोऱ्यातील नर फुले मादी फुलांच्या आधी फुलून संपतात. त्यामुळे पराग बहुधा दुसऱ्या झाडावरून, मधमाश्या व वारा यांच्यामार्फत यावा लागतो.

जगातील ११५ प्रमुख अन्नपिकांच्या २००७ साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात ८७ पिके कमीअधिक प्रमाणात प्राण्यांकडून होणाऱ्या परागीभवनावर अवलंबून असल्याचे आढळले.

फुलण्याच्या वेळा

काकडी व कारल्याची फुले सकाळी उमलतात व त्यांवर प्रामुख्याने मधमाश्या येतात. दुधी, दोडका व पडवळ यांची फुले सायंकाळी उमलतात. पडवळाची झालरीसारख्या कडांची पांढरी फुले अंधारात निशाचर पतंगांना आकर्षित करतात. त्यामुळे मांडवावरील सर्व वेलींना एकाच जातीचा कीटक पुरेसा ठरत नाही.

परागवाहक व त्यांचा निवारा

सातेरी मधमाशी झाडांच्या ढोलीत किंवा जुन्या भिंतींच्या पोकळीत पोळी बांधते. आग्या माशी उंच झाडावर किंवा इमारतीवर एकच मोठे उघडे पोळे बांधते, तर फुलोरी माशीचे लहान पोळे झुडपांच्या फांदीवर असते. एका फेरीत मधमाशी बहुधा एकाच प्रकारच्या फुलांवर जाते; त्यामुळे पराग योग्य जातीच्या फुलापर्यंत पोहोचतो.

वांग्याच्या फुलात पराग नळीसारख्या परागकोशांत असतो व तो टोकावरील छिद्रांतून बाहेर पडतो. काळा भुंगा फुलाला धरून शरीर थरथरवतो व पराग झाडून घेतो. सातेरीला हे जमत नाही. हा भुंगा वाळलेल्या लाकडात व बांबूत घर कोरतो. वेलींच्या मांडवाचे जुने बांबूही त्याला उपयोगी पडतात.

उंबराचे उदाहरण याहून टोकाचे आहे. त्याची फुले फळासारख्या दिसणाऱ्या पोकळ भागात दडलेली असतात. विशिष्ट जातीच्या गांधीलमाशीची चिमुकली मादी अरुंद छिद्रातून आत शिरते, पराग पोहोचवते आणि तेथेच अंडी घालते. उंबर फोडल्यावर दिसणाऱ्या केंबरांमध्ये या कीटकांचा समावेश असतो. उंबर नसेल तर ही गांधीलमाशी नाही आणि ती नसेल तर उंबराला बी नाही.

धोके व संवर्धन

जुनी झाडे तोडणे, कुंपणावरील रानझुडपे काढून टाकणे आणि वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहणे यांमुळे परागवाहकांचा निवारा व पीक नसतानाचे अन्न दोन्ही नाहीसे होतात. फुले उमललेली असताना केलेली कीटकनाशकाची फवारणी त्यांच्यासाठी घातक असते. सकाळी फुलणाऱ्या पिकांवर आवश्यक फवारणी माश्या परतल्यावर सायंकाळी करता येते. सायंकाळी फुलणाऱ्या वेलींवर मात्र तीच वेळ पतंगांना अपायकारक ठरते.

परागवाहक कमी असल्यास नर फूल तोडून त्याचा पराग मादी फुलाला हाताने लावता येतो. मात्र हे काम रोज, फूल ताजे असतानाच करावे लागते. सातेरी माशी लाकडी पेटीतही पाळता येते. मधमाश्यांवरील संशोधन व प्रशिक्षणासाठी १९६२ साली पुणे येथे केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था स्थापन झाली. भुंगे, पतंग व उंबरातील गांधीलमाश्या मात्र पेटीत पाळता येत नाहीत. त्यांचे रक्षण त्यांच्या अधिवासाच्या रक्षणातूनच होते.